वळणाआधी

१

माझं काम लोकांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग हेवा करतात. कंपनी नवी गाडी बनवते, ती बाजारात जाण्याआधी मी चालवते आणि सांगते की ती वळते कशी. गाडी किती पळते ते यंत्र सांगतं, किती पेट्रोल पिते तेही यंत्रच सांगतं. पण चालवणाऱ्याला ती कशी वाटते हे सांगायला अजून माणूसच लागतो. स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो का, ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली जातं, टायर सुटायच्या आधी मांडीला चाहूल लागते का, हे सगळं मी पाठीनं आणि तळहातांनी वाचते. म्हणून कंपनीत मला सगळे वैद्यबाई म्हणतात. नाडी धरायची आणि रोग सांगायचा.

त्या दिवसांत माझ्याकडे आलेली गाडी छोटी होती. लाल, आखूड नाकाची, चार दारांची, बसल्या जागी उडी मारेल अशी. तिला वर्कशॉपमध्ये सगळे चिमणी म्हणायला लागले होते. माझ्याआधी ती पैलवानाकडे होती. पैलवान म्हणजे आमचा जुना टेस्ट ड्रायव्हर, दारातून आडवा होऊन आत येणारा माणूस. त्यानं अचानक ट्रकच्या विभागात बदली मागून घेतली, आणि चिमणी माझ्या पदरात पडली.

पहिल्याच सकाळी मी तिच्या प्रेमात पडले. स्टिअरिंग हलकं, पण पोकळ नाही. वळणात शिरताना ती कुरकुर करत नव्हती, उलट "अजून?" असं विचारत होती. ट्रॅकवरून परतताना मी शीळ घालत होते. नवरा म्हणतो, मी शीळ घातली की समजायचं, गाडी पास.

२

चूक लहान होती. ट्रॅकच्या मागच्या भागात एकामागून एक वळणं आहेत, सापासारखी. तिथे डाव्या वळणाच्या जरा आधी गाडीचा मागचा डावा कोपरा खाली बसायचा. अगदी किंचित. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं.

मला वाटलं, मागे काहीतरी सामान राहिलंय. थांबून डिकी उघडली. रिकामी. मागची सीट रिकामी. सीटखाली हात घालून पाहिला, तर कोणाचं तरी पेनाचं टोपण निघालं.

पुन्हा चालवली. पुन्हा तेच.

मी स्वतःलाच समजावून सांगायला लागले. वळणात वजन बाहेर फेकलं जातं. डावं वळण असेल तर उजवीकडे. वाळूचं पोतं ठेवा, पाण्याचा कॅन ठेवा, ते बाहेरच जाणार. इथे वजन आत येत होतं, आणि तेही मी स्टिअरिंग हलवायच्या आधी. उजवं वळण आलं की तेच वजन सीटच्या मध्याकडे सरकायचं, तेही आधी.

आत कोण झुकतं? पोतं झुकत नाही. समोरचा रस्ता बघत बसलेला माणूस झुकतो.

हा विचार आला आणि मला हसू फुटलं. मग मी आरशात पाहिलं. मागची सीट, मागची काच, काचेतून लांब पळत जाणारा रस्ता. काहीच नाही. पण हसू मात्र गेलं होतं.

३

सस्पेन्शनच्या इंजिनिअरला आम्ही मास्तर म्हणतो, कारण फळ्यावर आकृती काढून दाखवल्याशिवाय त्याला घास गिळवत नाही. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर गाडी काढली. मागच्या डाव्या चाकाभोवती गोल काढला.

"शॉक अब्सॉर्बर," तो म्हणाला.

शॉक अब्सॉर्बर बदलले. मग स्प्रिंग. मग चारही टायर. मग चारही चाकांखाली काटे ठेवून गाडी तोलली. उभ्या गाडीत तोळाभर वजन इकडचं तिकडे नव्हतं. चालू गाडीत ते होतंच.

"वैद्यबाई, रागावू नका," मास्तर म्हणाला, "पण तुमची पाठ बिठ दुखतेय का?"

"माझी पाठ ठणठणीत आहे. मागे बस आणि स्वतः बघ."

तो मागे बसला, उजव्या बाजूला, गुडघे छातीशी घेऊन. बसल्या बसल्या त्याची बडबड सुरू झाली. सीट किती कडक आहे, छत किती खाली आहे, चिमणीत माणसं बसवायची की अंडी. मी हसत होते. सापाच्या वळणांत शिरलो तशी बडबड कमी झाली. मग थांबली. इंजिनाचा आवाज, टायरांचा आवाज, आणि मागे अगदी शांत.

"थांबवा," तो म्हणाला.

मी कडेला घेतली. तो उतरला, पुढचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसला, आणि पट्टा लावायला त्याला बराच वेळ लागला.

"काय झालं?"

"मागे जागा कमी आहे," तो म्हणाला.

"अरे, दोघांची सीट आहे, आणि तू एकटा..."

"जागा कमी आहे म्हटलं ना."

वर्कशॉपमध्ये परतल्यावर त्यानं फळा पुसला. दुसरी आकृती काढली नाही.

मी साहेबांकडे गेले आणि ही गाडी माझ्याकडून पास होणार नाही असं सांगितलं. साहेब तसे भले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काट्यावर दोष नाही, मास्तर म्हणतो दोष नाही. मग दोष आहे कुठे?"

"मला अजून सांगता येत नाही."

"पुढच्या आठवड्यात पत्रकार येतायत. हीच गाडी त्यांना द्यायची आहे. घरी नेतील, मुलाबाळांना फिरवतील, मग लिहितील. तुम्हाला दोष सापडला तर मी त्यांना थांबवतो. नाही सापडला तर नाही थांबवणार."

साहेबांचं चूक नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. मी किल्ली घेतली आणि ठरवलं की सापडेपर्यंत ही किल्ली दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार नाही.

४

पैलवान ट्रकच्या शेडमध्ये डबा खात होता. मला बघितल्यावर त्यानं घास खाली ठेवला.

"चिमणी का?"

"चिमणी."

"वळणाच्या आधी झुकते?"

मी मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. माझं डोकं ठिकाणावर होतं. मग लक्षात आलं की डोकं फिरलेलं असतं तर ते जास्त बरं झालं असतं.

"काट्यावर काही येत नाही," मी म्हणाले.

"येणार नाही. उभ्या गाडीत ते काही बोलत नाही."

शेडमध्ये कोणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं. तो आवाज थांबल्यावर मी विचारलं.

"तू ट्रकच का मागितलास?"

"ट्रकमध्ये एवढा माल भरलेला असतो, वैद्यबाई, की एखादं माणूस जास्त बसलं तरी कळत नाही." त्यानं डब्याचं झाकण लावलं, अर्धं जेवण तसंच ठेवून. "बाहेरच्या रस्त्यावर नेलीत का तिला?"

"अजून नाही."

"पेट्रोल पंपाच्या चौकात ते डावीकडे झुकेल. आपला रस्ता सरळ जातो. तुम्ही सरळच जा. आणि काही झालं तरी गाडी घरी नेऊ नका."

"तू नेली होतीस?"

"एकदा." तो हात धुवायला उठला. नळ सोडून, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "आता आम्ही घर बदललंय. बायको म्हणते नवं घर छान आहे. मागच्या खोलीला दारच नाही, बंद दाराआड कोणी बसलंय असं वाटत नाही, ते तिला फार आवडलं."

मला पुढे विचारायचं होतं. पण त्यानं नळ बंदच केला नाही.

५

मी सरळ जायला हवं होतं. पण सरळ जाऊन रोग सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उजेडात मी चिमणीला बाहेर काढलं. पेट्रोल पंपाचा चौक आला. रस्त्यावर गर्दी, दुकानं उघडलेली, एक माणूस फुटपाथवर झाडू मारत होता. सिग्नल हिरवा होता.

मागचा डावा कोपरा खाली बसला. ट्रॅकवर बसायचा तसा किंचित नाही. लहान मूल खिडकीकडे सरकतं, तसा सगळा भार तिकडे गेला.

"बरं," मी मोठ्यानं म्हणाले. "दाखवा."

आणि डावीकडे वळले.

त्यानंतर मला रस्ता शोधावा लागला नाही. मी वेग कमी ठेवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर हलके ठेवले, आणि पाठीनं ऐकत राहिले. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. मग बराच वेळ सरळ. मग डावीकडे एक गल्ली, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, कुंपणाला टेकवलेल्या सायकली, वाळत घातलेल्या चादरी. मनाशी मी सारखी कारणं जुळवत होते. रस्त्याला उतार असेल. कडेचा खड्डा असेल. प्रत्येक कारण पुढच्या वळणापर्यंत टिकायचं.

गल्लीच्या टोकाच्या घरापुढे वजन पुढे आलं, माझ्या सीटच्या पाठीपर्यंत. घर आलं की माणूस पुढे सरकतो, तसं.

मी ब्रेक लावला. फाटकात एक बाई उभी होती. पन्नाशीची, हातात ओलं फडकं. गाडी दिसताच ती फाटकातून बाहेर आली आणि फाटक आपल्यामागे बंद करून घेतलं.

"इंजिन बंद करू नका," ती म्हणाली.

मी काच खाली केली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती मागच्या काचेकडे.

"इथे नको. मागे एक धिप्पाड गृहस्थ घेऊन आले होते, त्यांनाही मी हेच सांगितलं."

"कोणाला घेऊन?" मी विचारलं. "ताई, मला काहीच माहीत नाही. मी फक्त गाडी चालवते. तुमच्या घरातलं कोणी..."

"आमच्या घरातली सगळी माणसं घरात आहेत." तिचा आवाज चढला नाही, पण फडक्यातलं पाणी तिच्या मुठीतून खाली गळायला लागलं. "सगळी. मी रोज मोजते."

घराच्या खिडकीत पडदा हलला. आत कोणीतरी विचारलं, "कोण आलंय?" बाईनं मान न वळवता उत्तर दिलं, "कोणी नाही. पत्ता चुकलाय." मग माझ्या दाराशी वाकून, अगदी हळू, एका शेजारणीनं दुसरीला सांगावं तशी ती म्हणाली, "त्याला माहितीये हे त्याचं घर नाही ते. ते फक्त विचारून बघतं. तुम्ही जा आता, बाई. घरी मात्र जाऊ नका."

मी गाडी मागे घेतली. मागे घेताना सवयीनं मान वळवायची असते. मी वळवली नाही. बाजूच्या आरशांवर गाडी काढली.

६

मोठ्या रस्त्यावर येईपर्यंत मागे शांत होतं. वजन मधोमध होतं, जड, जणू मान खाली घालून बसलेलं. मला क्षणभर वाईटही वाटलं. दारातून परत पाठवलेल्या माणसाबद्दल वाटतं तसं.

मग चौक आला, आणि ते उजवीकडे झुकलं.

उजवीकडे आमचं घर आहे.

मी सरळ गेले. पुढच्या फाट्यालाही ते उजवीकडे झुकलं. त्याच्या पुढच्याही. मी माझ्या घराचा पत्ता कोणाला सांगितला नव्हता. पण बोटांना घरचा रस्ता पाठ असतो, आणि स्टिअरिंगवर माझीच बोटं होती. मी जशी गाडीची नाडी धरत होते, तशी माझीही कोणी धरली असेल, तर?

घरी त्या वेळी फक्त नवरा असतो. तो रुग्णालयात परिचारक आहे, रात्रपाळी करून येतो आणि दिवसभर पडदे ओढून झोपतो. इतका गाढ, की लेक म्हणते, बाबांच्या उशाशी ढोल वाजवा, ते कूस बदलतील आणि ताल धरतील. कोणी शेजारी येऊन बसलं असतं तरी त्याला कळलं नसतं.

मला राग आला. भीतीपेक्षा राग बरा असतो. मी डावीकडे वळले, रिकाम्या मैदानाच्या कडेला गाडी उभी केली, खाली उतरले आणि मागचं डावं दार सताड उघडलं.

"उतरा," मी म्हणाले.

काही झालं नाही. वारा होता. इंजिन थंड होताना करतं तसं टिकटिक करत होतं.

"माझ्या घरी येता येणार नाही. उतरा."

आणि चिमणीचा मागचा कोपरा वर आला. उभ्या गाडीत, माझ्या डोळ्यांदेखत, बोटभर. स्प्रिंग एकदा कुरकुरली. भरलेल्या पिशव्या उतरवल्यावर गाडी कशी मोकळी होते, तशी ती मोकळी झाली.

मी दार लावलं, आत बसले आणि निघाले. पहिल्याच हलक्या वळणावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय वळली ती! हलकी, सरळ, मनातलं ओळखणारी. मागे कोणी नव्हतं. गाडी पास होती. साहेबांना आजच सांगता आलं असतं.

मग सवयीनं आरशात पाहिलं. मैदानाच्या कडेला, जिथे मी थांबले होते तिथून जरा पुढे, बसचा थांबा होता. घाईत मी तो पाहिलाच नव्हता. पाच-सहा माणसं रांगेत उभी होती. एक बाई भाजीची पिशवी घेऊन, एक म्हातारे गृहस्थ, खांद्याला खांदा लावून हसणाऱ्या दोन मुली. बघता बघता रांगेत मधेच जागा झाली. कोणी कोणाकडे पाहिलं नाही, कोणी बोलणं थांबवलं नाही. नुसते सरकले. एका माणसापुरते.

मी गाडी थांबवली.

७

बस आली. आमच्या बाजूची नव्हती ती, दुसरीकडे कुठेतरी जाणारी. माणसं चढली. प्रत्येक जण चढताना बसची पायरी किंचित दबत होती. शेवटची मुलगी आत गेली. पायरी रिकामी होती.

पायरी दबली.

बस माझ्या शेजारून पुढे गेली. पुढे उजवं वळण होतं. मला लांबूनही दिसलं, ती वळायच्या आधी झुकली.

मला घरी जाता आलं असतं. हे मला कोणी सांगायला नको होतं, मी ते स्वतःला स्पष्ट सांगितलं. नवरा झोपलेला असेल, लेक संध्याकाळी येईल, मी शीळ घालत दार उघडीन. आणि त्या बसमधलं कोणीतरी आपल्या थांब्यावर उतरेल, तेव्हा त्याच्या मागोमाग पायरी एकदा जास्त दबेल. त्याला ते कळणार नाही. त्या मुलींना नाही, म्हाताऱ्यांना नाही, ड्रायव्हरलाही नाही. वजन ओळखता येणारं माणूस त्या रस्त्यावर एकच होतं.

मी गिअर टाकला.

चिमणी त्या दिवशी जशी पळाली तशी ट्रॅकवरही कधी पळाली नव्हती. वळणावरून बाहेर पडताना मी बसला मागे टाकलं, पुढचा थांबा गाठला, आणि बस यायच्या आत उतरून मागचं दार उघडून उभी राहिले. भीती वाटत नव्हती असं नाही. पण पाय जागचे हलले नाहीत.

बस येऊन थांबली. दार उघडलं. उतरायला कोणीच नव्हतं. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं.

"चढताय का, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "कोणाला तरी न्यायला आलेय." मग त्याच्या पलीकडे, बसच्या अंधाऱ्या मधल्या वाटेकडे बघून म्हणाले, "या. माझ्याबरोबर चला."

बसमध्ये त्या दोन मुली हसायच्या थांबल्या. पायरी दबली आणि वर आली. माझ्या अंगाजवळून काहीच गेलं नाही, ना वारा ना वास. फक्त मागे स्प्रिंग कुरकुरली.

मी दार लावायला वळले नाही. आधी बसचं दार बंद झालं, आणि त्याच्या लांब काचेत मला माझी गाडी दिसली. लाल, लहान, दार उघडं. मागच्या सीटवर कोणीतरी ताठ बसलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिल्यांदाच कोणाच्या घरी पाहुणा गेल्यासारखं, अंग चोरून. चेहरा दिसण्याआधी बस हलली, आणि मी देवाचे नव्हे, त्या ड्रायव्हरचे आभार मानले.

दार लावून मी पुढे बसले. आरसा छताकडे फिरवला. मोबाईलवर नवऱ्याला निरोप ठेवला की आज उशीर होईल, जेवून घ्या, आणि तुम्हा दोघांची आज मला फार आठवण येतेय. मग साहेबांना कळवलं की चिमणीतला दोष सापडला, आणि ही गाडी इथून पुढे माझ्याशिवाय कोणी चालवायची नाही.

समोर चौक होता. मागे वजन उजवीकडे सरकलं, घराकडे, हळूच, विचारल्यासारखं.

"नाही," मी म्हणाले. "आपण इकडे जायचं."

मी डावीकडे स्टिअरिंग फिरवलं. क्षणभर ते तसंच उजवीकडे अडून राहिलं. मग माझ्याबरोबर, माझ्याच वेळी, तेही डावीकडे झुकलं.

इतकी सुंदर वळणारी गाडी मी आजवर चालवलेली नाही.